बेगमपुऱ्यातला पहिला जाम

साहेबाला खूष कसं करावं, हे औरंगाबाद शहरात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही! हे माझं मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नाही. का तयार नाही, तीच ही गोष्ट.

मी त्रिंबकराव. निजाम सरकारच्या एका कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. तोही हंगामी. आमच्या सरकारात नोकर दोन प्रकारचे असतात. मुस्तकिल म्हणजे कायमचे, आणि हंगामी म्हणजे उद्या आले नाहीत तरी कोणाला पत्ता लागणार नाही असे. मी अकरा वर्षं हंगामी होतो. सीताफळंसुद्धा हंगामी असतात, पण ती निदान येतात आणि जातात. मी आलो तो तसाच लोंबकळत राहिलो! सासरा दर दिवाळीला ताटावर बसला की विचारायचा, "जावईबापू, झाले का मुस्तकिल?" मग मला जिलबी गोड लागायची नाही.

तर निजामी फसली पंचांगाच्या तेराशे चाळीस साली दोन गोष्टी एकदम घडल्या. कचेरीत एक मुस्तकिल जागा रिकामी झाली, आणि बेगमपुऱ्यात आमच्या घरामागच्या जामाच्या झाडाला पहिल्यांदा फळ धरलं.

जाम म्हणजे पेरू. पुण्याकडचे लोक पेरू म्हणतात, आम्ही मराठवाड्यातले जाम म्हणतो. हे इथंच स्पष्ट सांगून ठेवतो. माझं जे वाटोळं झालं ते ह्या दोन अक्षरांनी केलं.

झाड माझ्या बायकोचं, मंजुळाबाईचं. सात वर्षांपूर्वी खुलताबादेहून, तिच्या माहेराहून, तिनं ते रोप मांडीवर घेऊन आणलं होतं. टांग्यात मला बसायला जागा नव्हती, रोपाला होती. नहरीच्या पाण्याच्या बंबावर रांगेत उभं राहून घागरी आणायच्या आणि आधी झाडाला, मग नवऱ्याला, असा तिचा कायदा. शेजारच्या कडूबा धनगराच्या बकऱ्यांनी दोनदा शेंडा खाल्ला, तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. मी तापानं फणफणलो होतो तेव्हा मात्र तिनं दोन्ही वेळा व्यवस्थित जेवण केलेलं मला आठवतं.

त्या वर्षी झाडाला सत्तावीस जाम लागले. पोपट आणि खारी टपलेल्या, म्हणून माझ्या जुन्या धोतराच्या चिंध्या करून तिनं एकेका जामाला फडकं बांधलं. बहमन महिन्याच्या थंडीत जाम पिवळे पडायला लागले, वास घरभर पसरला, आणि एका सकाळी ती म्हणाली, "एक तोडते. चव तरी बघू."

"खबरदार!" मी ओरडलो. "एकालाही हात लावायचा नाय!"

"का वो? म्याच लावलं ना झाड?"

"पहिला जाम साहेब तोडणार!"

तिनं घागर खाली ठेवली. मी तिला समजावून सांगितलं. नवे साहेब, निजामुद्दीनसाहेब, नुकतेच इलाहाबादकडून आलेले. ओळख नाही, पाळख नाही. रिकाम्या जागेसाठी मी आणि बद्रीनाथ असे दोघंच. बद्रीनाथ त्यांना बाजारातून मिठाई नेऊन देणार, हे तर उघडच होतं. मिठाई कोणीही देतं! पण साहेबाला घरी बोलवायचं, बागेत न्यायचं, त्याच्या हातानं झाडावरचं पहिलं फळ तोडवायचं, ही गोष्ट कोणाला सुचणार?

"आन तेवढ्यानं तुमाला कायम करतील?"

"अगं, माणूस फळ खातो तेव्हा त्याचं मन मऊ असतं!"

"मंग मला बी खाऊ द्या की. माजं बी मन लई दिवसांत मऊ झालं नाय," ती म्हणाली, आणि घागर उचलून निघून गेली.

मी बोरू टोकदार केला आणि साहेबांना उर्दूत चिठ्ठी लिहिली. काय चिठ्ठी होती महाराज! मराठीत सांगायचं तर मजकूर असा: 'गरिबाच्या घरचे जाम तयार झाले आहेत. माझ्या बायकोनं सात वर्षं खपून स्वतःच्या हातांनी तयार केले आहेत. असे जाम बाजारात मिळणार नाहीत. येत्या जुम्म्याला हुजुरांनी तशरीफ आणावी आणि पहिला जाम स्वतःच्या हातानं तोडावा. मग बाकीचे आम्ही तोडू. हुजुरांच्या हातानं जाम तुटला, तर ह्या गुलामाची जिंदगी सुधारेल.'

शेवटच्या वाक्यात नोकरीची गोष्ट कशी अलगद सुचवली, ते पाहिलंत ना?

आता तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, उर्दूत जाम म्हणजे दारूचा प्याला! मला ठाऊक नव्हतं काय? शंभर शेर पाठ होते मला, आणि प्रत्येकात एक तरी जाम भरलेला किंवा फुटलेला! पण घरच्या झाडाला धोतराच्या चिंध्या बांधून लटकलेला जाम बघताना कोणाला प्याला आठवतो? आमच्याकडं हिंदू म्हणा, मुसलमान म्हणा, बागवान म्हणा, सगळे त्याला जामच म्हणतात. इलाहाबादेत त्याला अमरूद म्हणतात, हे मला कोण सांगणार होतं?

साहेब निघाले दारूचे कट्टर दुश्मन. शहरातल्या दारूबंदीच्या अंजुमनचे, म्हणजे मंडळाचे, ते नवे सदर, म्हणजे अध्यक्ष. चिठ्ठी वाचून त्यांनी बद्रीनाथला आत बोलावलं. तेव्हा आमचा दफ्तरी नूरमोहम्मद कागदांचे गठ्ठे बांधत तिथंच बसलेला होता. पुढं त्यानंच मला सगळं अक्षर न अक्षर सांगितलं.

साहेबांनी विचारलं, "त्रिंबकराव के घर में जाम... यह सच है?"

बद्रीनाथ म्हणाला, "जी हुजूर. घर के घर में."

"कब से?"

"सात बरस से पीछे पड़े सो हैं. मियाँ-बीवी दोनों."

"बीवी भी!"

"वह तो सुबह-शाम उसीमें रहती, हुजूर."

"मुहल्लेवालों को खबर है?"

"बच्चे-बच्चे को! दीवार पर चढ़के झाँकते!"

साहेबांनी कपाळ धरलं. आता ह्यात बद्रीनाथ एक अक्षर खोटं बोलला का? नाही! त्याला खरंच कळलं नव्हतं, की सगळं कळूनच तो खरं बोलत होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नूरमोहम्मदला मी म्हटलं, "अरे, तू तरी सांगायचं!" तर तो म्हणाला, "क्या सांगू साब? मैं बी समझा, जामाचंच चाललंय! मला वाटलं, साहेबांना जाम लई आवडतात, म्हणून एवढं खोदून विचारतायत."

जुम्मा उजाडला. कचेरीला सुट्टी. मी अंगण सारवून घेतलं, शेजारून दोन खुर्च्या मागून आणल्या, शेरवानीला इस्त्री केली. नऊच्या सुमाराला गल्लीत गलका झाला. बघतो तर साहेब पायी येतायत, मागं पंधरा-वीस दाढीवाले आणि पगडीवाले प्रतिष्ठित लोक, त्यांच्या मागं अख्खा मोहल्ला! एकाच्या हातात निशाण. एकाच्या हातात जाडजूड काठी. आणि एकाच्या डोक्यावर भली मोठी टोपली.

माझा ऊर भरून आला. टोपली घरूनच आणली! काठीसुद्धा आणली, उंचावरचे पाडायला! किती ही हौस!

"आइए हुजूर!" मी कमरेत वाकलो. "जाम आपकी राह देख रहे हैं!"

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हो, खांद्यावर! अकरा वर्षांत कोणत्या साहेबानं माझ्या खांद्यावर फाईलसुद्धा ठेवली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कहाँ हैं?"

"पीछे आँगन में, हुजूर."

"खुले में?"

"खुले में ही अच्छे होते. धूप लगती."

"कितने हैं?"

"सत्ताईस थे. दो तोतों ने फोड़ दिए."

"तोतों ने?"

"तोतों को बी चटक लगी सो है, हुजूर."

साहेबांनी मागच्या लोकांकडं पाहिलं. लोकांनी माना हलवल्या. ज्या घरात पाखरंसुद्धा बिघडली, तिथं माणसांचं काय झालं असेल, असं त्या माना म्हणत होत्या. मला वाटलं, पोपटांबद्दल हळहळतायत.

मग दारातच साहेबांनी तकरीर केली, म्हणजे भाषण ठोकलं. ती इतक्या जडजंबाल उर्दूत होती की मला अर्धी कळली. गुनाह, हिम्मत, नई जिंदगी असे शब्द येत होते. मी म्हटलं, उत्तरेकडं फळाबद्दल असंच बोलत असतील. मी प्रत्येक वाक्याला "बेशक!" म्हणत होतो. लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

शेवटी सगळी वरात मागच्या अंगणात आली. मंजुळाबाई डोक्यावर पदर ओढून झाडापाशी उभी. मी खूण केली. तिनं एक फांदी वाकवली आणि हलक्या हातानं फडकं सोडलं. आत पिवळाजर्द, मुठीएवढा जाम!

सगळ्यांनी माना पुढं काढल्या.

"यह क्या है?" साहेब म्हणाले.

"जाम, हुजूर!"

"यह तो अमरूद है!"

"नहीं हुजूर, जाम है!"

"अमरूद!"

"जाम!"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरा हसला. मग टोपलीवाला हसला आणि टोपली त्याच्या डोक्यावरून घरंगळली. काठीनं फोडलेल्या प्याल्यांच्या काचा भरायला आणलेली टोपली ती! एवढा मोहल्ला माझ्या अंगणात पोट धरून हसत होता, आणि मला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. चिठ्ठीतलं एकेक वाक्य आठवलं.

साहेब हसत नव्हते. त्यांनी मला चुलखंडाच्या मागं ओढलं आणि दात आवळून म्हणाले, "मैं सूबे को रिपोर्ट भेज चुका हूँ कि हमारा एक अहलकार आज शराब से तौबा करेगा."

"पण हुजूर, हमारा जाम यानी अमरूद! मैंने कभी पी ही नहीं!"

"तो क्या रिपोर्ट झूठी है?"

मी शेरवानीची गुंडी पिरगाळू लागलो.

"बोलिए! सरकारी रिपोर्ट झूठी है?"

आता ह्याला 'हो' म्हणणारा हंगामी अहलकार दाखवा मला!

"नहीं, हुजूर."

"तो फिर आपने पी है."

मी मान डोलावली. मग साहेब जरा नरमले. तौबा करा, म्हणजे दारू सोडल्याची जाहीर शपथ घ्या, म्हणाले. एक वर्ष नीट राहिलात, चौकशीत साफ निघालात, तर मुस्तकिल जागा तुमची. तोवर जागा रिकामी ठेवतो. तौबा नाही केलीत, तर अफसराला खोटी चिठ्ठी लिहून नाचक्की केल्याबद्दल उद्यापासून येऊ नका.

मी बाहेर आलो, ओट्यावर चढलो, आणि जन्मात न चाखलेली दारू सगळ्या मोहल्ल्यादेखत सोडली. "आज से मैं जाम को हाथ नहीं लगाऊँगा!" असं तीन वेळा म्हणायला लावलं. कागदावर सही घेतली. हसणारे लोकसुद्धा गप्प झाले. एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बेटा, खरं सांग, सुरुवात कशी झाली?"

तेवढं होईस्तोवर मंडळींना भुका लागल्या होत्या. मी जामाला हात लावणार नव्हतो, पण त्यांनी काही शपथ घेतली नव्हती! बघता बघता झाड साफ झालं. साहेबांनीही एक खाल्ला आणि जाता जाता म्हणाले, "हमारे इलाहाबाद में इससे अच्छे होते हैं."

अंगणात नुसत्या चिंध्या उरल्या. मंजुळाबाई त्या गोळा करत होती.

"तुमी कवा पीत व्हते?" तिनं विचारलं.

"कधीच नाही."

"मंग सोडली काय?"

मी मागून आणलेल्या खुर्च्या उचलायला लागलो.

"आन माजा एक जाम तरी ठिवायचा व्हता की वो," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज लपवायला मी तिच्यावरच खेकसलो. हेही लिहून टाकतो, लपवून काय करू?

ते वर्ष कसं गेलं ते मलाच माहीत. कचेरीत लोक माझ्याशी बोलताना नाक पुढं करायचे. मला शिंक आली तरी खिडक्या उघडायचे. खरे पिणारे रस्त्यात भेटले की डोळा घालून म्हणायचे, "कसं निभतंय, भाऊ?" सासरा दिवाळीला आला आणि काहीच न विचारता निघून गेला. मी भीतीपोटी पेरूसुद्धा खाणं सोडलं. न जाणो, शपथेत नेमका कोणता जाम धरला असेल!

पुढच्या बहमनमध्ये झाड असं काही लगडलं की फांद्या टेकू लागल्या. पहिला जाम मंजुळाबाईनं स्वतः तोडला आणि झाडाखालीच उभं राहून, माझ्याकडं पाठ करून खाल्ला. मग ती रोज तोडायची आणि मी टोपली घेऊन मोहल्ल्यात वाटायचो. आपल्याबद्दल लोकांचं मत सुधारावं, हा हेतू. हात लावतोय तो वाटण्यापुरता, खाण्यासाठी नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं.

आणि चौकशी आली. सूब्याच्या कचेरीतून एक अमीन, म्हणजे चौकशीचा कामदार, येणार, एका शेजाऱ्याची जबानी घेणार आणि त्यावर माझ्या जागेचा निकाल! शेजारी मीच सुचवायचा होता. मी डोकं चालवलं. मोहल्ल्यातल्या प्रत्येकानं माझी तौबा डोळ्यांनी पाहिलेली, त्यांचा काय भरवसा? कडूबा धनगर तेवढा त्या वेळी मेंढरं घेऊन लांब चरायला गेलेला होता. त्याला त्या दिवसाची काही खबर नव्हती. आता नुकताच परतला होता. माणूस देवभोळा, खोटं बोलता न येणारा. ह्याच्याइतका पक्का साक्षीदार शोधून सापडला नसता!

"कडूबा, उद्या एक सरकारी माणूस येईल. माझ्याबद्दल चांगलं सांग."

"काय सांगू?"

"खरं तेच सांग. पण जोरात सांग!"

शपथेची भानगड मी त्याला सांगितली नाही. कशाला सांगू? एवढा एकच माणूस शहरात उरला होता, जो माझ्याकडं बघून हसत नव्हता.

अमीन आला. कडूबाच्या मेंढवाड्यासमोर बाजेवर बसला. मला मागं उभं केलं आणि तोंडातून शब्द काढायची मनाई केली.

"त्रिंबकराव जाम को हाथ लगाते हैं?"

कडूबानं छाती पुढं काढली. "लावतेत म्हंजी? रोज सकाळी उठलं की पयलं त्येच!"

मी अमीनाच्या पाठीमागून दोन्ही हात जोरजोरात हलवले. नको! नको! कडूबाला वाटलं, मी म्हणतोय, वाढव!

"आन येकटे घेत न्हाईत साहेब! लई मोठ्या मनाचा मानूस! बायको काढून देती, ह्ये घरोघर वाटतेत. इकत न्हाईत, फुकाट!"

"तुमने भी लिए?"

"चार! खोटं कशाला बोलू? लई ग्वाड! माज्या म्हातारीला बी दोन दिले. ती तवापास्नं रोज वाट बघती!"

अमीनाची लेखणी थांबत नव्हती. मी केस उपटत होतो. कडूबा माझ्याकडं बघून हसला. जोरात सांगितलं की नाय, असं त्या हसण्यात होतं.

अमीन उठला तसा मी त्याच्या पायाशीच बसलो. "हुजूर, जाम म्हणजे अमरूद! फल! झाड पाहा, पाच पावलांवर आहे!"

अमीनानं जुना कागद काढला, चष्मा सरसावला आणि शांतपणे म्हणाला, "हाँ. पिछले साल भी आपने यही कहा था. दर्ज है." आणि वाचून दाखवलं, "यह शख्स जाम को अमरूद बताता है."

झाड बघायला तो आला नाही. झाडाची चौकशी करायचा हुकूम नव्हता.

पंधरा दिवसांनी निकाल आला. जागा बद्रीनाथला मिळाली. बद्रीनाथ रोज संध्याकाळी शिंदीच्या दुकानात बसतो, हे औरंगाबादेत आंधळ्यालाही माहीत आहे. पण तो त्याला जाम म्हणत नाही! साहेबांनी मला काढलं मात्र नाही. मला तसंच ठेवलं, सुधारण्यासाठी. माझ्या नावापुढं कागदावर दोनच शब्दांच्या दोन नोंदी होत्या. नोकरी: हंगामी. शराबनोशी: मुस्तकिल.

कागद घेऊन घरी आलो. मंजुळाबाई दारातच उभी होती. खुलताबादेहून तिचा बापही आलेला, आत खाटेवर बसून ऐकत होता.

"झालं का वो?" तिनं विचारलं. "लिवलं का मुस्तकिल?"

"लिहिलंय," मी म्हणालो.

"दावा. कुठं?"

मी कागद पुढं केला आणि बोट ठेवलं. तिनं त्या अक्षरावरून हात फिरवून कपाळाला लावला, आणि साखर आणायला आत पळाली. तिला उर्दूतला पहिला अलिफसुद्धा वाचता येत नव्हता, तिच्या बापालाही नाही. तरी ती साखर घेऊन येईपर्यंत शेजारचा शब्द मी अंगठ्यानं गच्च झाकून धरला होता.